पोटदुखीसाठी मुलाचं दूध, गहू, शेंगा बंद करून बघायचं आहे. कुठून सुरू करू?

खानापूरची सून

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, गावच्या मराठी शाळेत पहिलीत आहे. पावसाळ्यापासून त्याचं पोट दुखतंय. खेळता खेळता मधेच येतो, बेंबीभोवती हात फिरवतो आणि माझ्या मांडीवर आडवा होतो. पोट फुगलेलं असतं, आठवड्यातून बऱ्याचदा पातळ शी होते. वजन म्हणावं तसं वाढत नाही, गेल्या वर्षीची चड्डी अजून कमरेत बसते. शिवाय गुडघ्याच्या मागं आणि कोपराच्या आत खाजेचे चट्टे आहेत. जंताची गोळी देऊन झाली, सासूबाईंनी दृष्टही काढली.

यांच्या एका मित्राच्या सांगण्यावरून लॅबमधून रक्ताची 'फूड इनटॉलरन्स' तपासणी करून घेतली. पैसे बरेच गेले. रिपोर्ट म्हणजे नुसती रंगपंचमी! गहू लाल, दूध लाल, शेंगदाणे लाल, तूरडाळ लाल, अंडं लाल, तांदूळसुद्धा लाल. हिरवं काय, तर दुधी भोपळा, ब्रोकोली आणि सामन मासा. लॅबवाल्यांनी सांगितलं, लाल ते सगळं सहा महिने बंद.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं भात-आमटी बंद केली तर पोराला घालू काय? घरात बारा माणसं, चूल एक. शाळेत सकाळी दूध देतात ते वेगळंच. एकेक पदार्थ बंद करून बघतात असं ऐकलंय. कुणी केलंय का? कसं करतात?

निपाणीचा बाळू

वहिनी, एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्या शेजारच्या पोराला गाईचं दूध बाधत होतं, म्हशीचं सुरू केलं, बरा झाला. बकरीचं तर औषधच म्हणतात. गहू बाधतो हे शहरातलं फॅड आहे, पण भाकरी घाला, भाकरीनं कुणाचं वाईट झालं नाही. आणि तो रिपोर्ट चुलीत घाला.

शहापूरची शिलाईवाली

बाळूदादा, शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीचं जरा थांबून बोलूया.

ताई, मी डॉक्टर नाही, शहापुरात ब्लाऊज शिवते. पण माझ्या मुलीचं हे सगळं डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली रीतसर करून झालंय, म्हणून लांबलचक लिहिते. चहा घेऊन बस.

आधी त्या रंगीत कागदाचं. या असल्या पॅनेलमध्ये बहुतेक आयजीजी नावाची अँटिबॉडी मोजतात. माणूस जे रोज खातो त्याची आयजीजी रक्तात सापडणारच. ती खाल्ल्याची खूण आहे, बाधल्याची नाही. तुझं पोर भात, तूरडाळ, गहू, शेंगा खातं, म्हणून ते लाल. सामन मासा जांबोटीत कोण खातंय? म्हणून तो हिरवा! युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की अन्न बाधतं का हे ठरवायला ही तपासणी वापरू नका. आणि वाढत्या पोराचं भात, डाळ, दूध, अंडं, गहू एकदम सहा महिने बंद करायचं म्हणजे पोटदुखी राहिली बाजूला, पोरच वाळायचं. आधीच वजनाची तक्रार आहे तुझी.

दुसरं फार महत्त्वाचं. गहू आत्ता अजिबात बंद करू नको. पोट फुगणं, पातळ शी आणि वजन न वाढणं हे तिन्ही एकत्र दिसलं की डॉक्टर सिलिअ‍ॅक आजाराची तपासणी करतात. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते, तो हा आजार. फॅड नाही बाळूदादा, खरा आजार आहे, आणि ज्याला असतो त्याला जन्मभर पाळावं लागतं. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची, या आजारात वाढणारी अँटिबॉडी बघतात, सोबत एकूण आयजीए किती आहे तेही, कारण ते मुळातच कमी असलं तर टीटीजी फसवी येते. पण ही तपासणी पोर रोज गहू खात असतानाच करायची असते. आधीच चपाती बंद केलीस तर अँटिबॉडी उतरते, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि आजार तसाच लपून राहतो. मग डॉक्टर म्हणतात, परत काही आठवडे गहू घाला आणि या. आमच्या गल्लीत एका घरी हेच झालं, पोराची दोनदा परवड.

तिसरं, तू पावसाळ्यापासून म्हणतेस. तेव्हा त्याला जुलाब झाले होते का? पाणी विहिरीचं आहे का? जिआर्डिया म्हणून एक जंतू पाण्यातून जातो, त्यानंही असंच पोट फुगतं, शी पातळ होते, वजन अडतं. जंताची एकच गोळी त्याला पुरत नाही. शीची तपासणी करून घे, स्वस्तात होते. हे सगळं झाल्यावर खाण्याकडं वळायचं.

आता मूळ प्रश्न. रीत अशी आहे: काही दिवस काहीही न बदलता नुसतं लिहायचं, मग ज्याच्यावर संशय आहे तो एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचा, आणि मग तो परत घालून बघायचा. लोक शेवटची पायरी खातात. बंद केल्यावर पोर बरं झालं की म्हणतात, सापडलं! अगं, पोटदुखी येते-जाते, ऋतू बदलतो, शाळेला सुट्टी लागते. परत घातल्यावर त्रास परत आला तरच ते सापडलं म्हणायचं. आणि नाही आला तर पोराचा पदार्थ त्याला परत मिळाला, हाही फायदाच की.

लिहायचं काम माझ्याकडं होतं, पण मी दुकानात असायची आणि दुपारी घरी सासूबाई. त्यांना लिहिता येत नाही. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयला दोऱ्यानं पेन्सिल बांधली. दूध प्यालं की तारखेच्या चौकोनात गोल, पोट दुखलं की फुली, शी पातळ झाली की आडवी रेघ. वेळ कळावी म्हणून सकाळचं वरच्या कोपऱ्यात, संध्याकाळचं खालच्या. एकादशी-चतुर्थीच्या बारीक अक्षरांवर सगळ्या गोल-फुल्या झाल्या, पण महिनाअखेर आहारतज्ज्ञ बाईंनी नुसतं ते पान बघून सांगितलं की मोठा ग्लास दूध झाल्यावर दोन-तीन तासांनी फुली आहे, दह्याच्या दिवशी नाही. आणि दर सोमवारी सकाळी एक फुली होती, दुधाचा गोल असो नसो. त्या दिवशी वर्गात कन्नडचं श्रुतलेखन असायचं! त्याला आहारात काही औषध नाही. पण ते वेगळं काढता आलं हे महत्त्वाचं, नाहीतर त्याचंही पाप दुधाच्या माथी गेलं असतं.

मग दूध बंद केलं. दूध बंद म्हणजे फक्त ग्लास बंद नव्हे. चहातलं, बेकरीच्या ब्रेडमधलं, ग्लुकोज बिस्किटातलं, लोण्यातलं, पेढ्यातलं. पाहुणे आले की कुंदा येतोच आपल्याकडं, तो म्हणजे तर आटवलेलं दूधच. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात घटकांच्या यादीजवळ अ‍ॅलर्जीची सूचना असते. दूध, गहू, अंडं, मासे, शेंगदाणे, सुकामेव्यातल्या बिया, सोया हे असेल तर छापणं आपल्या देशात बंधनकारक आहे. सुट्या मालाला ती सोय नाही, तिथं दुकानदाराला विचारायचं आणि खात्री नसेल तर सोडायचं.

सुरुवातीला दही-ताकही बंद केलं. नंतर उलट्या क्रमानं परत घातलं: आधी ताक, काही दिवस थांबून दही, मग जेवणासोबत थोडं दूध, मग जास्त. पोर सर्दी-तापानं आजारी असताना किंवा अँटिबायोटिक चालू असताना घालायचं नाही, नाहीतर कशानं काय झालं कळत नाही. आमचं निघालं ते असं: ताक चाललं, दही चाललं, जेवणाबरोबर अर्धा कप दूध चाललं, उपाशीपोटी भरला ग्लास झाला की पोटात गुडगुड आणि फुली. म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नव्हती. ती पचवणारं एंझाइम बऱ्याच मुलांत पाच-सहा वर्षांनंतर कमी होत जातं. जुलाबाच्या आजारानंतरही काही आठवडे कमी पडतं आणि मग आपोआप भरून येतं. दही लावताना जंतू त्यातली थोडी साखर खाऊन टाकतात, म्हणून ते सोसतं. यात दूध कायमचं तोडायची गरज नाही, माप सांभाळलं की झालं.

दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं थोडंसुद्धा चालत नाही. आणि बाळूदादा, गाय, म्हैस, बकरी तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकीचं बाधलं तर दुसरीचं बहुतेक बाधतंच. लॅक्टोज म्हणाल तर तेही तिघींच्या दुधात आहे. शेजारच्या पोराचं कशानं बरं झालं देव जाणे.

दूध बंद असेल त्या आठवड्यांत नाचणी वाढव. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १०० मिली गाईच्या दुधात १२० च्या आसपास, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० लागतं. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून मोड आणून दळ. आंबील कर, तीळ-गुळाचा लाडू दे, अंडं खात असेल तर दे. बारा माणसांना वेगळा स्वयंपाक नकोच. भात, आमटी, भाकरी, भाजी यात दूध नसतंच, वेगळी करायची ती फक्त सकाळची वाटी.

शेंगांच्या मागं लागू नको. आपल्याकडं वांग्यात कूट, भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वर शेंगाचटणी. त्याला आजवर हे खाऊन तासा-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं असं काही झालं नसेल तर शेंगा उगाच तोडायच्या कशाला?

आणि मुहूर्त बघून सुरू कर. गावची यात्रा, गणपती, घरातलं लग्न तोंडावर असेल तर नको. घरातल्या प्रत्येकाला एकत्र बसवून सांग. आमच्याकडं दीर गुपचूप बिस्कीट द्यायचे, पोरगी 'काकांनी काही दिलं नाही' म्हणायची आणि कालनिर्णयवर फुली उमटायची!

तालुक्यातला मास्तर

शाळेचं मी सांगतो, सरकारी मराठी शाळेतच आहे. सकाळचं दूध कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतलं, २०१३ पासून सुरू आहे. दुधाची पावडर पाण्यात कालवून उकळतात, मुलामागं १५० मिली. पावडरीचं असलं तरी त्यात प्रथिनं आणि लॅक्टोज दोन्ही असतात, 'ते काय खरं दूध नव्हे' असं समजू नका. घेतलंच पाहिजे अशी सक्ती कुणी करत नाही. शाळेत अंडंही मिळतं, न खाणाऱ्याला केळं.

फक्त तोंडी सांगू नका. स्वयंपाकाच्या बाई बदलतात, मुख्याध्यापक रजेवर जातात. डॉक्टरांकडून चार ओळींची चिठ्ठी घ्या: मुलाचं नाव, काय द्यायचं नाही, कुठल्या तारखेपर्यंत, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. शक्य तर कन्नड आणि मराठी दोन्हीत, म्हणजे नवीन आलेल्या कुणालाही वाचता येईल. एक प्रत ऑफिसात, एक स्वयंपाकघरात भिंतीला.

पहिलीतली पोरं ग्लास अदलाबदल करण्यात पटाईत. माझ्या वर्गात असाच एक होता. सगळे पीत असताना तो एकटा बाकावर बसून राहायचा आणि चार दिवसांत मित्राच्या ग्लासात तोंड घालून मोकळा झाला. मग मी त्याला ग्लास वाटायच्या कामावर लावलं. हातात ट्रे आला, रुबाब आला, दुधाची आठवण गेली.

निवृत्त सिस्टर, चिकोडी

वरचं सगळं सावकाश होणाऱ्या त्रासासाठी आहे. मला एवढंच सांगायचंय की काही मुलांवर हा प्रयोग घरी करायचा नाही.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, सारख्या उलट्या, आवाज बसणं, घरघर, पोर एकदम मलूल पडणं, असं एकदा जरी झालं असेल तर तो पदार्थ 'परत घालून' बघायचा तो फक्त हॉस्पिटलात. दम्याचं पोर असेल तर आणखी जपून. असं घडलंच तर लिंबू-पाणी, हळद काही करत बसू नका. आडवं झोपवा, दम लागत असेल तर टेकवून बसवा, उठवून चालवू नका, १०८ ला फोन करा. मांडीत द्यायचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हेच यावरचं पहिलं औषध, अ‍ॅलर्जीच्या गोळीनं भागत नाही.

चट्ट्यांबद्दल. बऱ्याच मुलांत एक्झिमाचं, म्हणजे अशा खाजऱ्या चट्ट्यांचं, कारण खाणं नसतंच. आधी कातडीकडं बघा: कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलं तितके दिवस. उटणं आणि चोळून घासणं बंद. निम्मी खाज इथंच जाते. चट्टेवाल्या पोराचं दूध किंवा अंडं महिनोन्महिने बंद ठेवलं आणि मग अचानक दिलं तर पूर्वी न येणारी जोराची अ‍ॅलर्जीही येऊ शकते, हे मी स्वतः वॉर्डात पाहिलंय. म्हणून 'बंद करून बघू, काय बिघडतं' असं म्हणू नये.

आणि शीतून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, सारखा ताप, यातलं काही असेल तर आहाराचा प्रयोग नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ.

खानापूरची सून

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचं यांना वाचून दाखवलं, सामन माशाला फार हसले, आणि मग लॅबच्या पावतीकडं बघून गप्प झाले.

जुलाबाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. जुलैत आठवडाभर होते, तेव्हा विहिरीत ओढ्याचं पाणी शिरलं होतं. हे डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नव्हतं. सिस्टर, गांधी-सूज असं कधीच झालं नाही, रक्तही नाही, रात्री शांत झोपतो, फक्त खाजवतो.

बुधवारी बेळगावला बालरोगतज्ज्ञांकडं नंबर लावलाय. दोन शंका आहेत. तोवर चपाती चालू ठेवायची ना? सासूबाईंनी कालपासून फक्त तांदळाची भाकरी सुरू केलीय. आणि गहू नकोच निघाला तर नुसती चपाती बंद करून भागतं का?

शहापूरची शिलाईवाली

चपाती चालूच ठेव, आजपासून परत. सासूबाईंना सांग, भाकरी कुठं पळून जात नाही, रक्त काढून होऊ दे.

दुसऱ्याचं: सिलिअ‍ॅक निघाला तर नुसत्या चपातीनं भागत नाही. बाजारच्या हिंगात बहुतेक मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू असतो. रवा, शेवया, मैद्याचे मांडे सगळं गेलं. ज्वारी, नाचणी, बाजरी, तांदूळ चालतात, पण गिरणीत आधी कुणाचे गहू दळले आणि त्याच जात्यावर तुझी ज्वारी पडली तर गव्हाचं पीठ त्यात येतंच. गिरणीवाल्याला सांगून तांदूळ दळून झाल्यावर आपला नंबर लावायचा, नाहीतर घरची छोटी चक्की. पण हे डॉक्टरांनी नाव घेतल्यावर. आत्तापासून हिंग फेकू नको.

बुधवारी जाताना शीचा नमुना कसा न्यायचा ते आधी फोन करून विचार, म्हणजे दोन हेलपाटे होणार नाहीत. लॅबचा कागद मागितला तरच दाखव. वजन-उंचीचं जुनं कार्ड मात्र नक्की ने, अंगणवाडीतलं असलं तरी चालेल. डॉक्टर आधी तेच मागतात.

खानापूरची सून

अंगणवाडीचं कार्ड सापडलं, ट्रंकेत होतं. शी आणि रक्ताचे रिपोर्ट आले की इथंच लिहिते. दुधाचं त्यानंतर बघू. आमची यात्राही तोवर उरकलेली असेल.